एक्केचाळीस नंबरची वही

१

कपाटाला कुलूप होतं. कुलपाची किल्ली खिळ्यावर होती. काच शाबूत होती. फक्त वही नव्हती.

वजनबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. चष्म्याचा काही दोष नव्हता. सोमवारी संध्याकाळी मधल्या फळीवर हिरव्या कापडाची, विटेएवढी जाड वही होती. आज बुधवारी सकाळी तिथे नंबराची छोटी चिठ्ठी तेवढी पडली होती. चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात ४१ लिहिलेलं होतं.

वजनबाई हे नाव त्यांना वकिलांनी ठेवलेलं. नवरा-बायको वेगळे होतात तेव्हा दोघांच्या मालकीचं काय काय आहे याची यादी करायची, किंमत लावायची आणि ती न्यायालयापुढे ठेवायची, हा त्यांचा व्यवसाय. इतर लोक वस्तू नुसत्या लिहून काढतात. या बाई प्रत्येक वस्तू मोजत, मापत आणि वर तराजूवर ठेवत. सोफ्याचं वजन घेणारी बाई म्हणून वकिलांच्या बाररूममध्ये त्यांच्यावर विनोद करत चहाचे कप रिकामे होत. बाई हसून म्हणत, "पक्षकार फिरतात, साक्षीदार फिरतात. तराजूला अजून कुणी वकील दिलेला नाही."

या वेळचं प्रकरण एका पुस्तकबांधणीच्या कारखान्याचं होतं. खाली कारखाना, वर घर, रस्त्याच्या दारापाशी काउंटर आणि दारावर पाटी: ‘सगळं काम एका हाताचं’. तो हात मालकांचा. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उठवावीत तर त्यांनीच, असा लौकिक. चार महिन्यांपूर्वी छापखानेवाल्यांच्या संघटनेने त्यांचा सत्कार केला. मालकांनी मानपत्र घेतलं, भाषणात ‘घरच्यांची साथ होती’ एवढं एक वाक्य टाकलं आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बायकोने बॅग भरली. एकतीस वर्षांचा संसार होता. कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत.

मालकांनी न्यायालयात लिहून दिलं होतं की पत्नी घर सांभाळायची, कारखान्याशी तिचा संबंध नव्हता. वहिनींचं म्हणणं अगदी उलट होतं आणि त्याला पुरावा एकच, ही वही. कारखान्याची खरी ओळख म्हणजे पुस्तकांच्या आतल्या बाजूला लागणारा रंगीत लाटांचा कागद. ट्रेमधल्या पाण्यावर रंग तरंगवायचे, कंगवा फिरवायचा, वर कागद अलगद टेकवून उचलायचा. असा प्रत्येक कागदाचा तुकडा वहिनींनी वहीत चिकटवला होता आणि खाली तारीख आणि कृती लिहिली होती. वही असेल तर निम्म्या कारखान्यावर त्यांचा हक्क लागणार. नसेल तर ‘गृहिणी’ म्हणून तीन वर्षांची बेताची पोटगी, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी भाड्याच्या खोलीत एकटीचा मुक्काम. शुक्रवारी सकाळी मध्यस्थ म्हणून नेमलेले निवृत्त न्यायाधीश निर्णय देणार होते.

म्हणजे हातात दोन दिवस. सोमवारी यादी करताना वेळ संपली म्हणून बाईंनी वहीची पहिली पाच-सहा पानं तेवढी चाळली होती, वजन घेतलं होतं, चिठ्ठी लावली होती आणि मालकांच्या शब्दावर किल्ली खिळ्याला सोडली होती. ‘इथे कुणी परकं येत नाही,’ असं मालक म्हणाले होते. आपण त्यावर विश्वास ठेवला याचा बाईंना आता स्वतःचाच राग आला.

त्यांनी चिठ्ठी उचलून उजेडात धरली. त्यांच्या चिठ्ठ्या मुद्दाम पातळ कागदाच्या असत. ओढून काढली की फाटलीच पाहिजे. ही फाटली नव्हती. साधी चुरगळलेलीही नव्हती. कुणीतरी ती किंचित ओलसर करून, खालून बोथट पट्टी घालून, जराही घाई न करता सोडवली होती.

चोर सरसाच्या, खळीच्या कामात मुरलेला होता.

२

"म्हणजे मीच," मालक म्हणाले. "सरळ म्हणा की."

ते आपल्या उंच टेबलामागे उभे होते. साठीला टेकलेले, ताठ, नाकावर माशी बसू न देणारे. दोन्ही हात एप्रनच्या खिशात.

"मी अजून काहीच म्हटलेलं नाही," वजनबाई म्हणाल्या. "काल सुट्टी होती. कारखान्यात कोण आलं होतं?"

"मी दिवसभर वर होतो. दुपारी झोपलो. खाली कोण आलं-गेलं ते ताईला विचारा."

"चहा गार होतोय तुमचा."

"होऊ दे. मी सावकाश घेईन."

सोमवारीही त्यांचा चहा असाच गार झाला होता, हे बाईंना आठवलं. आणखी एक गोष्ट आठवली. यादीच्या खाली सही करा म्हटल्यावर मालकांनी ड्रॉवरमधला रबरी शिक्का काढायला आपल्या बहिणीला सांगितलं होतं, आणि तिनेच तो उमटवला होता. तेव्हा बाईंना वाटलं होतं, मोठा माणूस, मोठ्या माणसाचा तोरा.

"वही मिळाली नाही तर तुमचा फायदा आहे," बाई म्हणाल्या.

"आहे ना. नाही कशाला म्हणू? पण चोरायचीच असती तर एकतीस वर्षांत चोरली नसती का? तिथेच तर असायची." एवढं बोलून मालक खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "वही चांगली आहे. तसे कागद कुणाला जमत नाहीत."

ज्याने ‘संबंध नव्हता’ असं लिहून दिलं त्याच्या तोंडून हे ऐकून बाईंनी भुवई वर केली.

कोपऱ्यात शिवणकाका बसले होते. चाळीस वर्षं पुस्तकांच्या जुड्या शिवणारे. त्यांना काय विचारायचं? सोमवारी संध्याकाळी ते बाईंबरोबरच बाहेर पडले होते आणि आज बाईंच्या नंतर आले होते. दाराची किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

"वहिनींची वही गेली म्हणजे माझी चाळीस वर्षं गेल्यासारखी आहेत," ते दोरा ओवत म्हणाले. "तुम्ही शोधा बाई. मी ओझी उचलतो, सांगाल ती."

काउंटरवर ताई. मालकांची थोरली बहीण, लग्न न केलेली, जन्मभर याच घरात राहिलेली. पावत्या लिहायच्या, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, पुस्तकं गुंडाळून द्यायची. सोमवारी बाईंची यादीची वही कडांना फाटलेली बघून ताईंनी बोलता बोलता तिला तपकिरी कागदाचं कव्हर चढवून दिलं होतं. पैसे घ्या म्हटलं तर म्हणाल्या होत्या, ‘दोन मिनिटांच्या कामाचे कसले पैसे?’

"काल मी काउंटरवर कपाट आवरत होते," ताई म्हणाल्या. "रस्त्याचं दार माझ्या डोळ्यांसमोर. मागे दार नाही, खिडक्यांना गज आहेत."

"बांधणीचं काम येणारं आणखी कोण आहे घरात?"

"भाऊ. शिवणकाका. मला विचाराल तर मला खळ आणि पेज यांतला फरक कळत नाही." ताई हसल्या. मग आवाज खाली आणत म्हणाल्या, "सांगू नये, पण विचारताय म्हणून सांगते. काल दुपारी भाचा आला होता. पाव तास होता. येताना बॅग रिकामी लोंबत होती."

"आणि जाताना?"

"जाताना चेन लागत नव्हती."

३

मालकांचे चिरंजीव विमा कंपनीत होते. काचेची केबिन, टेबलावर तीन पेनं, आणि आईवडिलांच्या भांडणाने आलेला कंटाळा चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता.

"कारखाना विका, पैसे वाटून घ्या, मोकळे व्हा. मी दोघांनाही हेच सांगतोय," ते म्हणाले. "गिऱ्हाईक तयार आहे. पाडून तिथे गाड्या लावायची जागा करणार आहे. वही असो नसो, मला काय? आईला निम्मं मिळालं तरी विकावंच लागणार, बाबांना सगळं मिळालं तरी मी त्यांना विकायला लावणार."

"आत्याचं काय?"

"आत्याचं काय म्हणजे?" चिरंजीवांनी हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असावा. "बघू. होईल काहीतरी."

"बॅगेत काय नेलंत?"

"आईच्या शाली, स्वेटर, दोन चपला. थंडी पडायला लागली. तिला तिथे पाऊल टाकायचं नाही, म्हणून मी हमाल."

बाई तडक वहिनींच्या खोलीवर गेल्या. एक खाट, एक टेबल, टेबलावर रंगांच्या सात बाटल्या आणि चपटा ट्रे. चार महिन्यांत वहिनींनी भांडी घेतली नव्हती पण ट्रे घेतला होता. शाली, स्वेटर, दोन चपला खाटेवर होत्या. बाईंनी मनातल्या मनात चिरंजीवांच्या नावावर काट मारली. विकण्यासाठी त्यांना वहीची गरजच नव्हती, आणि पाव तासात चिठ्ठी अशी सोडवण्याचा धीर त्यांच्या तीन पेनांत कुठून येणार?

वही गेल्याचं ऐकून वहिनींनी शाली खाटेच्या कडेला सारल्या आणि ताठ बसल्या.

"नाही मिळाली तर दुसरा पुरावा शोधेन," त्या म्हणाल्या. "जुनी गिऱ्हाइकं शोधेन. एकेका पुस्तकाच्या आतला कागद दाखवेन आणि तिथल्या तिथे तसाच करून दाखवेन. न्यायाधीशांच्या टेबलावर ट्रे ठेवू दे म्हणावं. मी सोडणार नाही, बाई. मला दया नकोय. मी काम केलंय, तेवढं केलंय म्हणून लिहा."

"मला एक सांगा. तुमच्या अर्जात लिहिलंय की वहीची एक ते एकशेऐंशी एवढीच पानं बघावीत. वही तर अडीचशे पानांच्या घरात आहे. जास्त पानं म्हणजे जास्त पुरावा. कमी का मागितलीत?"

वहिनींनी एका बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"तेवढी पुरेत."

"मिळाली तर मला सगळीच वाचावी लागेल. अर्धवट वस्तू मी यादीत घेत नाही."

वहिनींचा चेहरा उतरला. वही गेली ऐकूनही उतरला नव्हता तेवढा.

"मग मिळाली नाही तरी चालेल," त्या म्हणाल्या.

४

परत येताना वजनबाई दोन थांबे आधीच उतरल्या आणि चालत निघाल्या. चालताना त्यांचं डोकं बरं चालतं. स्वतःचाच पुरावा नको म्हणणारी बाई त्यांनी वीस वर्षांत पाहिली नव्हती. पण वहिनींकडे कारखान्याची किल्ली नव्हती, आणि काल ताईंनी त्यांना पाहिलं नव्हतं. हा गुंता नंतर सोडवायचा. आधी वस्तू. वस्तू म्हणजे दोन किलो तीनशे ग्रॅम कागद, कापड आणि पुठ्ठा. दार एकच, आणि त्यातून फक्त स्वेटर गेले. म्हणजे वही बाहेर गेलेलीच नाही.

कारखान्यात पाऊल ठेवताच त्यांनी बाह्या वर केल्या.

"शिवणकाका, ओझी उचलतो म्हणाला होतात ना? चला. सगळं पुन्हा तोलायचं."

"सगळं?"

"पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत."

दुपारचे तीन तास त्यात गेले. दाबयंत्राचे वजनदार ठोकळे, कातड्याच्या गुंडाळ्या, पुठ्ठ्यांचे गठ्ठे, सोनेरी वर्खाच्या पेट्या. मालक वर निघून गेले. ताई काउंटरवरून मान वळवून बघत होत्या. शिवणकाकांच्या कपाळावर घाम आला, पण तक्रार नाही. आकडे तसेच्या तसे येत होते. सोमवारचे आकडे एका रकान्यात, आजचे दुसऱ्यात, आणि बाईंचं तोंड तासागणिक आंबट.

मग आला नंबर बावन्न. मागच्या भिंतीवरचं बेवारस फडताळ. लोक बांधायला पुस्तकं देतात आणि न्यायला येत नाहीत, ती इथे वर्षानुवर्षं धूळ खात बसतात. सोमवारी बाईंनी ती एकगठ्ठा लिहिली होती: पुस्तकं सदतीस, वजन एक्केचाळीस किलो.

आज मोजली. सदतीसच. तराजूवर चढवली. बेचाळीस किलो दोनशे.

"काका, धुळीचं वजन दोन दिवसांत बाराशे ग्रॅम वाढतं का हो?"

"तुमच्या तराजूवर काहीही वाढेल," काका धापा टाकत म्हणाले.

शेवटचा नंबर रद्दीच्या पोत्याचा. तेही अकराशे ग्रॅमने वाढलं होतं. बाराशे आणि अकराशे मिळून तेवीसशे. बाईंनी बेरीज दोनदा केली आणि पाढ्यांच्या परीक्षेत पास झालेल्या मुलीसारख्या खूश झाल्या. हरवलेला प्रत्येक ग्रॅम याच खोलीत होता, फक्त दोन ठिकाणी विभागून.

पोतं उपडं केलं. कातरणांच्या तळाशी हिरव्या कापडाचे पुठ्ठे निघाले, आत पानं नाहीत. आणि त्यांच्याबरोबर छापील पानांचा एक गठ्ठा निघाला, त्याला पुठ्ठे नाहीत. गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर ऐटबाज कोंबडा उभा होता: ‘कुक्कुटपालन, वार्षिक अंकसंग्रह’.

"उद्या सकाळी रद्दीवाला येणार होता," काका पुटपुटले.

बाईंनी फडताळावरचं ‘कुक्कुटपालन’ ओढून काढलं. बाहेरून मळकं, कोपरे झिजलेलं, कुणी ढुंकून बघणार नाही असं. उघडलं. आत एकही कोंबडी नव्हती. निळ्या-तांबड्या लाटा होत्या, पानामागून पान, आणि प्रत्येक लाटेखाली वहिनींचं बारीक अक्षर.

काकांनी डोळे टिपले. बाईंनी मात्र पुस्तकाची पाठ निरखली. एवढी जाड वही या पुठ्ठ्यात मावावी म्हणून पाठ रुंद करून घेतलेली. बिजागरीवर नवा पातळ कापडी पट्टा. डोक्यापाशी चक्क रेशमी दोऱ्याची बारीक किनार हाताने विणलेली. कचऱ्यात दडवायच्या वस्तूला कुणी किनार विणतं का?

पण विणली होती. एकही टाका हललेला नव्हता.

५

गुरुवारी सकाळपर्यंत बाईंनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एकशेएक्याऐंशीव्या पानावर पोचल्यावर त्या उठल्या, पाणी प्यायल्या आणि मग पुढे वाचू लागल्या. वहिनींचा चेहरा का उतरला, मालकांचा चहा गार का होतो आणि सहीऐवजी शिक्का का, ही तिन्ही कोडी एकदम सुटली. चोर कोण नाही, तेही नक्की झालं.

कारखान्यात त्या सरळ काउंटरपाशी गेल्या. मालक वरच होते. ताई सुतळी गुंडाळत होत्या.

"ताई, ही किनार विणायला किती वेळ लागतो?"

"मला काय ठाऊक? भावाला विचारा."

"त्यांना नाही विचारणार. त्यांचे हात सहा वर्षांपासून थरथरतात. त्यांना साधा कप उचलता येत नाही, ही किनार त्यांची नाही. काका मंगळवारी इथे नव्हते. मुलगा पाव तासात गेला, आणि हे काम पाऊण दिवसाचं आहे. उरलं कोण?"

"मला खळ आणि पेज..."

"हो, म्हणालात." बाईंनी पिशवीतून आपली यादीची वही काढली, सोमवारी कव्हर चढवलेली, आणि काउंटरवर ठेवली. शेजारी ‘कुक्कुटपालन’ उघडून ठेवलं. "हा कोपरा बघा. कागद आत दुमडताना नखाने अगदी बारीक चिमटा काढलाय, म्हणजे टोक उघडं पडत नाही. आता या पुस्तकाच्या आतला कोपरा बघा. कापड आहे, पण चिमटा तोच. काकांनी बांधलेली वीस पुस्तकं मी काल उघडून पाहिली. ते कोपरा कात्रीने कापतात. चोराने स्वतःच्या हाताने मला पुरावा बांधून दिला, आणि मी तीन दिवस तो काखेत घेऊन फिरतेय."

ताईंनी सुतळीचं बंडल खाली ठेवलं.

"वहिनीने शिकवलं," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आली त्याच वर्षी. दुपारी भाऊ झोपला की आम्ही दोघी. पाटीवर एका हाताचं काम लिहिलेलं, म्हणून कुणाला सांगायचं नाही. तीस वर्षं नाही सांगितलं."

"मग तिच्याच मुळावर का उठलात?"

"मुळावर?" ताईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वाटणी झाली की हे विकणार. वरचं घर त्याच्याबरोबर जाणार. भाऊ मुलाकडे जाईल, वहिनीने खोली घेतलीय. मी कुठे जाऊ? बघा की तुमच्या यादीत. दाबयंत्र आहे, कातडं आहे, रद्दीचं पोतंसुद्धा आहे. मी आहे? कुठल्या नंबरावर आहे मी?"

वजनबाईंना वीस वर्षांत अनेकांनी अनेक प्रश्न विचारले होते. हा ऐकून मात्र त्यांना आपल्या यादीची लाज वाटली.

"पोत्यात टाकून द्यायची ना मग," त्या हळूच म्हणाल्या. "रद्दीवाला घेऊन गेला असता. सुटला असतात."

"टाकली होती. पुन्हा काढली. त्यातले कागद माझ्या हातचे आहेत, बाई. कसे टाकू? म्हटलं, निदान नीट बांधून ठेवावी. आणि बांधायला बसल्यावर वाईट बांधता येईना."

"वाचलीत का?"

"नाही. वाचली असती तर हात चालला नसता."

"मग आता वाचा." बाईंनी एक पान उघडून दिलं. निळ्या कागदावर मोराच्या पिसांसारखी नक्षी, खाली तारीख, रंगांची मापं, आणि शेवटी तीन शब्द. ‘हात: आपली ताई.’

ताईंनी पान उलटलं. पुढच्यावर ‘हात: मी.’ त्यापुढच्यावर पुन्हा ‘हात: आपली ताई.’

"मी मोजलं," वजनबाई म्हणाल्या. "एकशे बारा वेळा."

ताई काउंटरला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले, बाहीने, पोरीसारखे.

"उद्या मी येते," त्या म्हणाल्या. "मी चोरली, मीच सांगते."

६

शुक्रवारची खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याचा एक पेला प्रत्येकापुढे, एका टोकाला मध्यस्थ न्यायाधीश. ताईंनी उभं राहून सगळं सांगितलं, एकही सबब न देता. मालक बहिणीकडे नुसते बघत राहिले. वहिनी मात्र शेवटचं वाक्य व्हायच्या आत उठल्या आणि ताईंचा हात धरून त्यांना आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवून घेतलं.

"वही मिळाली, वस्तू पूर्ण आहे," न्यायाधीश म्हणाले. "चोरीचं काय करायचं?"

"माझी वही आहे. माझी तक्रार नाही," वहिनी म्हणाल्या. "तिला किनार लागून परत आलीय. पान एकशेऐंशीपर्यंत वाचा आणि निकाल द्या."

न्यायाधीशांनी वजनबाईंकडे पाहिलं. "तुम्ही पूर्ण वाचलीत?"

"हो."

"पुढच्या पानांत काही आहे?"

सगळ्यांच्या नजरा बाईंवर. खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं, आणि वहिनींचे डोळे नको नको म्हणत होते. बाई मालकांकडे वळल्या.

"तुमच्या पत्नीने स्वतःच्या पुराव्याची सत्तर पानं सोडून दिलीत. त्यात तिचा फायदा आहे आणि तरी सोडलीत. का सोडली असतील, हे या खोलीत तिच्याशिवाय फक्त तुम्हालाच कळू शकतं. मी बोलू का, ते तुम्ही सांगा."

मालक ताठ बसले होते. हात कोटाच्या खिशात. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी टेबलाकडे बघत होत्या.

"तू वकिलालाही सांगितलं नाहीस?" त्यांनी विचारलं.

"मी वेगळी होतेय," वहिनी म्हणाल्या. "तुमची गावभर शोभा करायला आले नाही."

मालकांनी उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. समोरचा पेला खुळखुळायला लागला. चार महिन्यांपूर्वी ज्या हाताचा सत्कार झाला होता तो हात सगळ्यांसमोर पानासारखा थरथरत होता, आणि मालकांनी तो झाकला नाही.

"वाचा," ते म्हणाले. "एकशेएक्याऐंशीपासून."

वजनबाईंनी वाचलं. ‘सोनेरी अक्षरं: मी. आज यांचा हात चालला नाही. हे शेजारी उभे राहून सांगत होते, मी उठवत होते.’ पुढच्या पानावर पुन्हा तेच. मग पुढे नुसतंच ‘सोनेरी अक्षरं: मी.’ सहा वर्षं. मानपत्रात ज्या पुस्तकांची नावं होती ती एकूण एक त्यात आली.

वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी पेन उचललं, पण लिहिलं नाही.

"बाई, एक नीट समजून घ्या," ते वहिनींना म्हणाले. "या पानांनी सगळं उलटं होतं. निम्मा काय, कारखाना तुम्हीच चालवायला हवा हे दिसतंच आहे. पण कमावणारा हात तुमचा आणि यांचा चालत नाही, असं एकदा ठरलं की पोटगी तुम्हाला मिळणार नाही. ती यांना मिळेल. तुमच्याकडून. दर महिन्याला."

वहिनींच्या वकिलाने घाईघाईने त्यांच्या कोपराला स्पर्श केला. वहिनींनी कोपर बाजूला घेतलं.

"लिहा," त्या म्हणाल्या.

"विचार करायला वेळ हवा असेल तर..."

"एकतीस वर्षं केला. लिहा, की कारखाना मी चालवणार आणि तो विकला जाणार नाही. लिहा, की ताई तिथे पगारावर आहे आणि वरचं घर तिचंही आहे. ते पाटीवरचं ‘एका हाताचं’ पुसायचं, तेही लिहा. आणि यांची पोटगी लिहा. काम शिकवलंय त्यांनी मला. फुकट नाही घेत मी ते."

चिरंजीव म्हणाले, "आई, गिऱ्हाईक—"

"तू गप्प बस," वहिनी आणि मालक एकदम म्हणाले, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनीही मान फिरवली.

कागद तयार झाला. वहिनींनी सही केली. ताईंनी सवयीने पर्समधून रबरी शिक्का काढला, पण मालकांनी मान हलवली. पेन घेतलं. पहिलं अक्षर वेडंवाकडं उमटलं, दुसऱ्याला कागदच सरकला.

वहिनींनी टेबलावरून हात पुढे केला आणि कागदाचा कोपरा दोन बोटांनी दाबून धरला. मालकांची सही पूर्ण होईपर्यंत धरला, आणि मग सोडला.

वजनबाईंनी यादी काढली. एक्केचाळीस नंबरापुढे त्यांनी लिहिलं: वही, एक. मिळाली. वजनाच्या रकान्यात त्यांनी पुठ्ठा बदलल्यामुळे आलेला नवा आकडा लिहिला.